टिकलीची दातबाई

वस्तू कुठलीही असो, दातबाई आधी तिच्यात अंगठ्याचं नख रुतवून बघायच्या. बाजारातला दुधी, साबणाची वडी, मुलांच्या हातातलं खोडरबर, दिवाळीत शेजारून आलेला लाडू. नख रुतलं की मान डोलवायच्या, नाही रुतलं की वस्तू हलकेच बाजूला सारायच्या. आमच्या मजल्यावर नव्याने लग्न होऊन आलेल्या एका सुनेने हौसेने त्यांना घरच्या वड्या नेऊन दिल्या, तर तिच्यादेखत त्यांनी वडीला नख लावलं. पोरगी रडवेली झाली. दातबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. "छान झाल्यात गं, रुतलं की," एवढंच म्हणून त्यांनी वडी तोंडात टाकली.

त्यांचा दातांचा दवाखाना ठाकुरद्वारला होता. उभं आयुष्य त्यांनी गिरगावकरांच्या दाढा काढण्यात आणि बुजवण्यात घालवलं. हात किंचित थरथरायला लागले तेव्हा कुणी सांगायच्या आत स्वतःच दवाखाना बंद केला आणि घरी बसल्या. दातबाई हे नाव आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांनी ठेवलेलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही असावं. तोंडावर आम्ही सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचो. त्या मात्र बोलताना कुणाच्या डोळ्यांत बघत नसत. माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या खालच्या ओळीतल्या वाकड्या दातावर असायची. लग्न केलेलं नव्हतं. जुन्या परभी, म्हणजे पाठारे प्रभू घरातल्या, वडील गेल्यावर त्या जागेत एकट्याच राहिलेल्या. मधल्या पॅसेजपलीकडे त्यांचं दार, अलीकडे आमचं.

आयुष्यात मला मनापासून कुणाचा हेवा वाटला असेल, तर तो या बाईंचा. दागिन्यांवरून नाही, शिक्षणावरून नाही. एका कुत्रीवरून.

टिकली मला फणसवाडीच्या कोपऱ्यावर सापडली. शहाळेवाल्याच्या गाडीखाली, रिकाम्या शहाळ्यांच्या ढिगात बसलेलं एवढंसं पिल्लू. अंग बदामी आणि कपाळावर मधोमध काळा ठिपका. ऑफिसातून येताना मी ते उचललं आणि ओढणीत गुंडाळून घरी आणलं. तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. आमची मुलगी जन्मापासून बापाची. तापाने फणफणली तरी "बाबा" म्हणून रडायची. आता ती हैदराबादला नोकरी करते, फोन करते तो बाबांना, आणि मला निरोप मिळतात. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती, पण पिल्लू घरात आणलं त्या संध्याकाळी मी सुधीरना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्पष्ट सांगितलं की हिला खायला मी घालणार, फिरवायला मी नेणार, तुम्ही लाडसुद्धा बेतानेच करायचे. सुधीर हसले. त्यांना कळलं होतं मला काय हवं आहे ते. घरात कुणीतरी आधी माझ्याकडे धावत यावं, एवढंच.

काही महिने ती आलीही. मग तिला दात आले आणि तिने घर चावायला घेतलं. चपला, रिमोट, देवघरातला पाट. मी ऑपेरा हाउसजवळच्या एका दुकानातून तिच्यासाठी चामड्याचं, दोन्ही टोकांना गाठ मारलेलं मोठं हाड आणलं. दुकानदाराने सांगितलं होतं की सगळे हेच नेतात. जिन्यात दातबाई भेटल्या. त्यांनी पिशवीत डोकावून ते हाड काढलं, नख लावलं, आणि मला म्हणाल्या, "नीला, हे आज मला दे. उद्या सकाळी बघायला ये."

सकाळी गेले तर त्यांच्या ओट्यावर पाण्याच्या पातेल्यात ते हाड फुगून पांढरंफटक झालं होतं. बोटाने उचललं तर बुळबुळीत कातडं लोंबू लागलं. टिकली अशी गाठ चघळून मऊ करणार आणि मग अख्खीच गिळणार, म्हणजे हे सगळं तिच्या पोटात जाऊन असं फुगणार, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. मी मान हलवली. टिकली तोवर माझ्या मागून आत शिरून त्यांच्या स्वयंपाकघराचा कोपरान् कोपरा हुंगत होती. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. आणि त्या घरात पिढ्यान् पिढ्या माशांचं भुजणं आणि मटण शिजत आलेलं. दोन्ही घरांच्या भिंतींनाच वेगळा वास. टिकली तिथून निघायला तयार होईना. मी तिला उचलून आणली.

त्या दिवसापासून टिकलीच्या दातांची जबाबदारी दातबाईंनी आपल्याकडे घेतली. मला विचारलं नाही. विचारायला हवं असं त्यांना वाटलंच नसणार. त्या सकाळी बाजारातून बकऱ्याची कोवळी हाडं आणायच्या, छातीकडची, कुरकुरीत, कधी श्वासनळी. ती कच्चीच द्यायच्या, आणि टिकलीचं झालं की जमीन, ताट आणि स्वतःचे हात असे काही घासायच्या की जणू ऑपरेशन आटोपलंय. शेजारच्यांनी रविवारच्या मटणातली, कोंबडीतली हाडं प्रेमाने कागदावर टिकलीसाठी काढून ठेवली, की दातबाई तो कागद उचलून ज्याचा त्याला परत करायच्या. "शिजवलेलं हाड म्हणजे काच," त्यांचं ठरलेलं वाक्य. "मोडलं की टोकं होतात. ती आतड्यात गेली की मग मला बोलवू नका, मी फक्त दात बघते."

त्यांचा दुसरा नियम म्हणजे हाड कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठं हवं, आणि झिजून लहान झालं की लगेच काढून घ्यायचं. हे काढून घेणं मला कधीच जमलं नाही. मी एकदा टिकलीच्या तोंडातून तुकडा ओढायला गेले तर ती माझ्यावर गुरगुरली. माझ्यावर. ओढणीत गुंडाळून आणलेलं माझं पिल्लू. दातबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी गाजराचा तुकडा पुढे केला, टिकलीने हाड सोडलं, गाजर घेतलं आणि शेपटी हलवली. "हिसकावू नकोस गं," त्या मला म्हणाल्या, "बदल्यात दुसरं काही दे. मग ती आनंदाने सोडते." सल्ला योग्यच होता. मला तो ऐकवेना. मी चहाचं आधण ठेवलंय असं काहीतरी सांगून घरात आले, आणि आधण ठेवलेलं नव्हतं.

हाड चघळणाऱ्या कुत्र्याला एकटं सोडायचं नाही, हा तिसरा नियम, आणि खरं दुखणं तिथे होतं. कारण त्यामुळे रोज दुपारी, मी ऑफिसात फायली उपसत असताना, त्या दोघी संध्याकाळपर्यंत समोरासमोर बसलेल्या असायच्या. सुधीर रिटायर झालेले, ते दार उघडून टिकलीला पलीकडे सोडायचे. दातबाई खुर्चीत, टिकली पायाशी. संध्याकाळी मी घरी आले की टिकली येऊन मला भेटायची, नाही असं नाही. पण तिच्या मानेला लवंगेच्या तेलाचा आणि परभी संबार मसाल्याचा वास यायचा. माझ्या कुत्रीला दुसऱ्या घराचा वास यायला लागला होता. मी रविवारी तिला आंघोळ घालायचे, चांगला साबण लावून, आणि सोमवारी संध्याकाळी तो वास परत आलेला असायचा.

मी हार मानली नाही. गाजरं फ्रीजरमध्ये गोठवून ठेवली, ऑफिसातून आल्यावर आपल्या हाताने द्यायला. टिकलीने पहिलं गाजर तोंडात धरलं, दारापाशी गेली, पॅसेज ओलांडला आणि दातबाईंच्या उंबऱ्यावर बसून खाल्लं. सुधीर हसता हसता खाली बसले. मी त्यांच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाही. मग मी मुलीकडून मागवून घेतलं हरणाचं शिंग, कुत्र्यांना चावायला देतात ते. महाग, देखणं, आणि त्याला मांसाचा स्पर्श नाही, म्हणजे आमच्या घरात चालणारं. दातबाईंनी ते हातात घेऊन नख दाबलं. नख वाकलं. त्यांनी टिकलीचा वरचा ओठ उचलला आणि मागची मोठी दाढ मला दाखवली. कुत्र्याचं सगळं चावणं या एका दाढेवर चालतं, आणि जे नखाला दाद देत नाही ते या दाढेची कपची काढतं, असं त्या म्हणाल्या. मला त्या दिवशी राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, एवढी कुत्री-मांजरं हिंडतात गिरगावात, त्यांच्या दाढा कोण बघतं?"

दातबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांनी पाळलेला एक अल्सेशियन होता. दर रविवारी त्याला मटणाची नळी मिळायची, वडिलांच्या हातून, मोठ्या कौतुकाने. दातबाई तेव्हा नुकत्या डॉक्टर झालेल्या, दवाखान्यात रांग लागलेली. कुत्रा खाईनासा झाला, चिडका झाला. म्हातारा झाला असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. जबडा सुजला तेव्हा कुणीतरी तोंड उघडून बघितलं. दाढ मधोमध उभी चिरलेली, आत पू साठलेला. त्यातच गेला तो. "सगळ्या गिरगावाच्या तोंडात मी डोकावत होते," दातबाई म्हणाल्या, "आणि घरातल्याच्या नाही."

त्यानंतर शिंगाचा विषय मी काढला नाही. पण हेवा गेला असं म्हणाल तर नाही. उलट आता त्याला वाचा फोडायची सोय उरली नाही, एवढंच.

मग तो मे महिना आला. हापूसची पेटी दातबाईंकडे दरवर्षी यायची आणि त्या स्वतः रस काढायच्या. एका रविवारी दुपारी टिकली नेहमीप्रमाणे तिकडे होती. दुसऱ्या दिवशी तिने खाल्लं नाही, पिवळं ओकली, आणि पलंगाखाली जाऊन बसली. मी ऑफिसला दांडी मारली. उन्हाळ्याने झालं असेल असं सुधीर म्हणत होते. एवढ्यात दातबाई आपण होऊन आमच्या दारात आल्या. चेहरा उतरलेला. रस काढताना दाराची बेल वाजली म्हणून त्या उठल्या होत्या, आणि परत आल्या तेव्हा साली-कोयींचं ताट ओट्यावरून खाली पडलेलं होतं. तेव्हा त्यांनी नुसतं पुसून घेतलं. आता कचऱ्याची पिशवी उलटी करून कोयी मोजून आल्या होत्या. "नीला, कोय गेलीये तिच्या पोटात," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात. चल, टॅक्सी बोलाव."

टॅक्सीत आम्ही दोघी मागे बसलो, सुधीर पुढे. टिकली आमच्या दोघींच्या मांड्यांवर आडवी. मागचे पाय माझ्याकडे, डोकं दातबाईंच्या मांडीवर. लालबागच्या पुलावरून जाताना ती पुन्हा ओकली, त्यांच्या साडीवर. त्यांनी पदराने तिचं तोंड पुसलं. माझी कुत्री मरेल की काय या भीतीने मला घाम फुटला होता, आणि त्याच वेळी मनात हेही चालू होतं की आज तरी डोकं माझ्याकडे असायला हवं होतं.

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात पोटाचा एक्स-रे काढला. कोय आतड्यात अडकलेली. ऑपरेशन करावं लागलं. ते होईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. दातबाई अख्खा वेळ स्वतःच्या थरथरत्या हातांकडे बघत होत्या. त्यांना दोष द्यायला माझ्या तोंडाशी शब्द आले होते, आणि ते गिळले ते चांगुलपणाने नव्हे. त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं हे दिसत होतं, आणि तेही मला सहन होत नव्हतं.

टिकली वाचली. टाके घालून घरी आली. आणि दातबाईंनी आपलं दार लावून घेतलं. सुधीर विचारपूस करायला गेले तर दार अर्धं उघडून त्यांनी सांगितलं की माझ्याकडे आता सोडू नका, माझ्या हातून आता काही नीट होत नाही. मी रजा काढून घरी होते. टिकलीला पेज मी भरवत होते, औषध मी देत होते, रात्री तिच्याजवळ चटई टाकून मी झोपत होते. समोरचं दार बंद. मला जे इतकी वर्षं हवं होतं ते अगदी तसंच मिळालं होतं. टाके सुकले तशी टिकली उठून चालायला लागली. पहिल्यांदा चालत गेली ती पॅसेज ओलांडून. बंद दाराच्या फटीला नाक लावून बसली. मी हाक मारली, बिस्किट दाखवलं. आली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. पेजेला तोंड लावीना.

शेवटी मी जाऊन दार वाजवलं. आतून कोण म्हणून विचारल्यावर मी सांगितलं की टिकली जेवत नाही.

"तू भरव," आतून आवाज आला.

"माझ्या हातून खात नाही," मी म्हटलं. हे वाक्य बंद दाराला सांगताना मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

दार उघडलं. टिकली माझ्या पायांमधून आत घुसली आणि दातबाई खुर्चीपर्यंत पोचायच्या आत त्यांच्या खुर्चीखाली जाऊन बसली. दातबाई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दाताकडे नाही, डोळ्यांत बघत होत्या.

"तुला वाटतं, मी तिला पळवली," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीखालच्या टिकलीकडे बघितलं.

"ती माझ्याकडे खायला येते, नीला. तुझी पावलं जिन्यावर वाजली की तोंडातलं टाकून उठते. रोज. मी बसलेली असते आणि ती निघून जाते, आणि मग तुमच्या दाराची कडी लागते. मला विचार ना कसं वाटतं ते."

मी आत जाऊन बसले. त्यांनी चहा केला. पेजेची वाटी मी आणली, त्यांनी धरली, टिकलीने चाटून पुसून खाल्ली. त्यानंतर रविवार दुपारचा वेळ मीही तिथे बसू लागले. आम्ही एकमेकींशी फार बोलत नव्हतो. दोघींची नजर टिकलीवर असायची, आणि अधूनमधून ती कुणाकडे बघते यावर. दोन बायका एका माणसाच्या वाट्यावरून सावध बसतात तशा आम्ही बसायचो, फक्त हाडाचा तुकडा लहान झाला की गाजर मी द्यायचं, असं आपोआप ठरून गेलं.

पुढे दातबाई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला, नवा बसवला, पण एकटं राहणं संपलं. बडोद्याहून त्यांचा भाचा न्यायला आला. निघायच्या दिवशी सामान खाली गेलं तेव्हा टिकली पॅसेजमध्ये उभी होती. दातबाईंना वाकता येत नव्हतं म्हणून मी तिला स्टुलावर चढवलं. त्यांनी तिचा ओठ उचलून एक बाजू बघितली, मग दुसरी. मग मला म्हणाल्या, "सांभाळ. तुझी आहे ती." मी हो म्हटलं. भाचा त्यांना हाताला धरून जिना उतरवत होता तेव्हा मला रागच आला होता. माझीच वस्तू त्यांनी मला दान केल्यासारखी दिली होती.

बडोद्याहून त्यांचे फोन यायचे. व्हिडिओ लावून म्हणायच्या, ओठ वर कर, मागची दाढ दाखव. मी दाखवायचे. कॅमेऱ्यात काही दिसत नसणार, तरी त्या बराच वेळ बघायच्या. आवाज ओळखून टिकली फोन चाटायची. मग फोन कमी झाले, आणि एक दिवस भाच्याचा आला. मी सुधीरना सांगितलं, मुलीला कळवलं. टिकलीला काय सांगणार.

गेल्या महिन्यात टिकलीला परळला लस द्यायला नेलं. आता ती म्हातारी झाली आहे, नाकाजवळचे केस पांढरे झालेत. टेबलाशी एक नवीन, तरुण डॉक्टरीण होती. तिने टिकलीचं तोंड उघडून दोन्ही बाजू बघितल्या, मग पुन्हा बघितल्या, आणि सहाय्यकाला बोलावून दाखवलं. या वयाच्या कुत्र्याचे इतके धड दात क्वचित बघायला मिळतात, एकही दाढ चिरलेली नाही, असं ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "छान सांभाळलेत तुम्ही."

हो म्हणून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? सुधीर बाहेर बाकावर होते.

"मी नाही," मी म्हटलं. "आमच्या दातबाईंनी."

टिकलीने कान टवकारले, टेबलावर उभी राहिली आणि दाराकडे बघू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने मान वळवली नाही.